गाजर खाणारा गुप्तहेर

गुप्तहेर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. लांब कोट, वर केलेली कॉलर, डोक्यावर तिरकी हॅट आणि ओठांत सिगारेट. रात्रीची वेळ, रिमझिम पाऊस, ओला रस्ता आणि रस्त्यावर एकुलता एक दिवा. हा माणूस कधी मोकळेपणाने हसत नाही. कमी बोलतो, आणि बोलतो तेव्हा तोडून बोलतो. मार खातो, पण कण्हत नाही. सगळ्या शहराला चकवणारा गुन्हेगार शेवटी याच्यापुढे मान खाली घालतो.

आता हाच माणूस मे महिन्यात दुपारी दोन वाजता मलकापूरच्या स्टेशनाबाहेर उभा आहे, अशी कल्पना करून पाहा. अंगात तोच लांब कोट. वरून ऊन ओतलं जातंय. पहिला रिक्षावाला विचारील, ‘भाऊ, तब्येत बरी नाही का?’ आणि कुणाचा गुपचूप पाठलाग करायचं म्हणाल, तर आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर सगळं कळलेलं असतं. हा कुणाकडे उतरला, काय जेवला आणि कुणाच्या मागावर आहे, तेसुद्धा! अशा ठिकाणी तो कडक गुप्तहेर टिकणं कठीण. त्याचं पाहता पाहता हसं होणार.

आपल्याला आज बोलायचं आहे ते या हसं होण्याबद्दलच. गंभीर गुप्तहेरकथेची थट्टा करणाऱ्या मालिका टीव्हीवर अधूनमधून येतात. त्या बहुधा फार दिवस चालत नाहीत, पण ज्यांनी त्या पाहिल्या त्यांच्या लक्षात मात्र वर्षानुवर्षं राहतात. असं का होतं? एखादी मालिका थोडे दिवस जगते आणि तरी आठवणीत घर करते, याचं कारण काय? आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊन हे समजून घेऊ. ते उदाहरण म्हणजे १९८५ साली दूरदर्शनवर आलेला ‘करमचंद’.

आधी ज्याची थट्टा होते त्या मूळ माणसाची ओळख करून घेतली पाहिजे. इंग्लंडच्या शेरलॉक होम्सची पहिली कथा १८८७ साली आली. होम्स हा बुद्धीचा गुप्तहेर. चिखलाच्या डागावरून, राखेवरून तो माणूस ओळखतो. त्याच्या जगात शेवटी सगळं नीट जागेवर येतं. पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतल्या लेखकांना मात्र हे जग खोटं वाटू लागलं. त्यांच्या शहरांत दारूबंदी होती, टोळ्या होत्या, विकले गेलेले पोलीस होते. तिथे दिवाणखान्यात बसून गुन्हा सुटत नव्हता. ‘ब्लॅक मास्क’ नावाच्या स्वस्त कागदावरच्या मासिकात मग एक नवा गुप्तहेर जन्माला आला. त्याला इंग्रजीत जे विशेषण मिळालं त्याचा अर्थ आहे कडक उकडलेला. अंडं उकळून उकळून आतून घट्ट व्हावं, तसा हा माणूस. आता त्याच्यातून काही ओघळणार नाही.

डॅशिएल हॅमेट हा या प्रकारातला मोठा लेखक. तो स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत नोकरीला होता. या कंपनीचं बोधचिन्ह म्हणजे एक उघडा डोळा, आणि ब्रीदवाक्य होतं, ‘आम्ही कधी झोपत नाही’. अमेरिकेत खासगी गुप्तहेराला ‘प्रायव्हेट आय’ म्हणतात, त्या शब्दाचं नातं अनेक जण या डोळ्याशी जोडतात. हॅमेटची ‘द माल्टीज फाल्कन’ ही कादंबरी १९३० सालची. दुसरा मोठा लेखक रेमंड चँडलर. हा तेलाच्या कंपनीतला अधिकारी. नोकरी गेल्यावर तो लिहू लागला. त्याची ‘द बिग स्लीप’ १९३९ साली आली. दोन्ही कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले, १९४१ आणि १९४६ साली, आणि दोन्हींत नायक होता हम्फ्री बोगार्ट. तो कोट, ती हॅट आणि ती सिगारेट जगभर पोचवण्यात बोगार्टचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे हा माणूस थेट आला नाही. वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळे कपडे घालून आला. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड, त्यांची धनंजय आणि छोटूची जोडी यांनी कित्येक पिढ्यांना वाचनाची सवय लावली. नंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. शिरवळकरांचा दारा बुलंद कॉलेजच्या मुलांच्या दप्तरातून फिरायचा. ही पुस्तकं विकत घेणारे थोडे आणि भाड्याने आणून वाचणारे पुष्कळ. वाचनालयातली प्रत हातात यायची तेव्हा पहिलं पान बहुधा नसायचंच. शेवटचं पान असलं म्हणजे नशीब!

रेल्वे स्टेशनच्या बुकस्टॉलवर हिंदी पॉकेट बुक्सचा ढीग असायचा. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही आमची भुसावळ-नागपूर मार्गावरची स्टेशनं. गाडीला उशीर झाला की सुरेंद्र मोहन पाठक यांची कादंबरी घ्यायची हे ठरलेलं. त्यांचा सुधीर कोहली हा दिल्लीतला खासगी गुप्तहेर अमेरिकन गुप्तहेराचा जवळचा नातेवाईक. पण तो जिभेने तिखट आहे, स्वतःचीही खिल्ली उडवतो. म्हणजे भारतीय भूमीवर पाय ठेवताच त्या कडक अंड्याला थोडी भेग पडली होती.

आणखी एक वाट उर्दूची. आमच्या घरी अब्बांच्या उशाशी इब्ने सफींची पुस्तकं असायची. असरार अहमद हे त्यांचं मूळ नाव. अलाहाबादहून १९५२ साली त्यांची ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले, पण त्यांची पुस्तकं दोन्ही देशांत निघत राहिली. १९५५ साली त्यांनी इमरान नावाचा नायक उभा केला. हा इमरान विलायतेत शिकलेला, पण वागण्यात निव्वळ वेडपट. च्युइंगगम चघळतो, भलत्या वेळी भलतं बोलतो. लोक त्याला मूर्ख समजतात, आणि तोच त्याचा डाव असतो. कारण गुप्तचर खात्याचा अदृश्य प्रमुख ‘एक्स-टू’ तोच असतो! हीच पुस्तकं हिंदीत आली तेव्हा फरीदीचा विनोद झाला आणि इमरानचा राजेश. वाचणाऱ्यांनी दोघांवरही सारखंच प्रेम केलं.

इमरानचं च्युइंगगम लक्षात ठेवा. पुढे आपल्याला गाजराकडे जायचं आहे.

त्याआधी विडंबन म्हणजे काय, याबद्दल दोन शब्द बोलतो. मी कविता लिहिणारा माणूस, म्हणून मला कवितेचंच उदाहरण सुचतं. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने लिहिलेली ‘झेंडूची फुले’ १९२५ साली प्रसिद्ध झाली. त्या काळातल्या कवींच्या लकबी अत्र्यांनी अशा पकडल्या, की मूळ कविता वाचताना वाचकाला विडंबन आठवू लागलं. अत्र्यांनी केलं काय? कवीचं वृत्त तसंच ठेवलं, शब्दांची ऐट तशीच ठेवली, आणि आतला विषय तेवढा बदलला. चाल राजवाड्याची आणि मुक्काम बाजारात, असा तो प्रकार. म्हणजे विडंबन करायला मूळ वस्तू पाठ असावी लागते. तिच्यावर थोडं प्रेमही असावं लागतं. आमच्या मेहकरचे कविवर्य ना. घ. देशपांडे यांच्यासारखा स्वतःचा आवाज असलेल्या कवीचंच विडंबन होऊ शकतं. ज्याला आवाजच नाही त्याची नक्कल कशाची करणार?

गुप्तहेरकथेलाही असा आवाज आहे, तिच्या ठरलेल्या लकबी आहेत. कोट, सिगारेट, तोडून बोलणं, एक हुशार सेक्रेटरी, एक गोंधळलेला इन्स्पेक्टर, एक खबऱ्या, आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून केलेला उलगडा. यातली एक वस्तू काढायची, तिच्या जागी दुसरी ठेवायची आणि बाकी चेहरा गंभीर ठेवायचा. झालं विडंबन. ऐकायला सोपं वाटतं. करायला फार कठीण आहे.

आता ‘करमचंद’कडे येऊ. दिग्दर्शक होते पंकज पराशर. करमचंदचं काम केलं पंकज कपूर यांनी. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेला हा नट तेव्हा घराघरांत माहीत नव्हता. ‘जाने भी दो यारों’ या १९८३ सालच्या सिनेमात त्यांनी लबाड बिल्डर तरनेजा रंगवला होता. त्या सिनेमातही दोन साधेभोळे फोटोग्राफर नकळत खुनाच्या तपासात शिरतात, आणि त्यातून मुंबईच्या भ्रष्टाचाराची अशी धिंड निघते की हसता हसता घसा कोरडा पडावा. तोच नट दोन वर्षांनी काळा गॉगल लावून खुनाचा तपास करायला निघाला. सोबत किटी नावाची मदतनीस. किटीचं काम सुष्मिता मुखर्जी यांनी केलं.

करमचंदच्या हातात सिगारेट नव्हती, गाजर होतं. खून झालेल्या घरात तो जायचा, मृतदेहाकडे बघायचा आणि कचकन गाजर चावायचा. सगळा विनोद त्या एका अदलाबदलीत आहे. सिगारेटचा धूर गुप्तहेराला गूढ बनवतो. गाजर खाणारा माणूस गूढ कसा दिसणार? गाजर तर आपण दुकानातून निवडून, देठ तपासून, भाव करून आणतो! पण पंकज कपूर ते गाजर बोगार्टच्या सिगारेटइतक्याच गांभीर्याने धरत. बोलणंही झटपट, तुटक, एकाला एक जोडून. बुद्धीचा तोरा पुरा, फक्त हातातली वस्तू भाजीच्या टोपलीतली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. ‘करमचंद’ हे पूर्ण विडंबन नव्हतं. त्यातले खून खरे होते, संशयित खरे होते आणि शेवटी गुन्हेगार सापडायचा तो तर्कानेच. म्हणून रहस्याची ओढ लागलेला प्रेक्षकही खूष आणि हसायला आलेलाही खूष. इमरानच्या वाचकांना ही रीत नवी नव्हती. बाहेरून विदूषक आणि आतून पक्का.

त्या वेळी मी शाळेत होतो. आमच्या मोहल्ल्यात टीव्ही असलेली घरं मोजकी. ज्या घरी टीव्ही, त्या घरच्या चाचींनी अंगणात सतरंजी अंथरलेली असायची. लाकडी शटरचा टीव्ही, छपरावर अँटेना, आणि पडद्यावर मुंग्या आल्या की एक पोरगा वर पाठवायचा. ‘आला का?’ ‘नाही आला!’ ‘आता?’ ‘गेला!’ असा संवाद संपेपर्यंत खून होऊन गेलेला असायचा. करमचंदने पहिल्यांदा गाजर काढलं तेव्हा शेजारचे एक म्हातारे बाबा मोठ्याने म्हणाले, ‘अरे बापा, घरात मुर्दा पडेल हाय अन् हा गाजर खाऊन राह्यला!’ सगळे हसले. बाबा मात्र हसले नाहीत. पुढच्या भागाला ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

ही सतरंजी फार महत्त्वाची आहे. का, ते समजायला आपण जरा अमेरिकेला जाऊन येऊ.

१९८२ साली अमेरिकेत एबीसी या वाहिनीवर ‘पोलीस स्क्वॉड!’ नावाची मालिका सुरू झाली. ती करणारे तिघं, डेव्हिड झुकर, जेरी झुकर आणि जिम अब्राहम्स. त्यांनी १९८० साली विमानप्रवासाच्या सिनेमांची थट्टा करणारा ‘एअरप्लेन!’ काढून पैसा आणि नाव दोन्ही मिळवलं होतं. आता त्यांनी १९५०च्या दशकातल्या पोलीस मालिका हाताशी घेतल्या, विशेषतः ली मार्विनची ‘एम स्क्वॉड’. नायक लेस्ली नील्सन. हा नट आयुष्यभर गंभीर भूमिका करत आलेला, आणि म्हणूनच त्याला निवडलं होतं. तो एकदाही डोळा मिचकावत नाही. पाहुण्याला सिगारेट देताना तो विचारतो, ‘सिगारेट?’ आणि समोरचा शांतपणे उत्तर देतो, ‘हो, सिगारेटच आहे.’

मालिकेतल्या बाकी खोड्याही अशाच. भागाचं नाव पडद्यावर एक दिसतं आणि निवेदक वाचतो दुसरंच. पाहुणा कलाकार म्हणून ज्याचं नाव थाटात सांगतात, त्याचा श्रेयनामावलीतच खून होतो. बूटपॉलिश करणारा जॉनी हा खबऱ्या. जगातली प्रत्येक गोष्ट त्याला ठाऊक. नायक गुन्हेगाराची माहिती घेऊन गेला की पुढचं गिऱ्हाईक म्हणून शस्त्रक्रिया कशी करावी हे विचारायला डॉक्टर येतो! आमचा पानठेलेवाला आठवला की नाही? आणि भागाच्या शेवटी, जुन्या मालिकांत चित्र गोठायचं तसं इथेही गोठतं. फरक एवढाच, की कॅमेरा चालूच असतो आणि नट नुसते पुतळ्यासारखे उभे राहतात. कपात कॉफी ओतणं चालूच असतं आणि कप भरून वाहतो. एकदा तर पकडलेला गुन्हेगार इकडेतिकडे बघतो, सगळे गोठलेत हे ताडतो आणि पळायची वाट शोधू लागतो.

या मालिकेचे भाग झाले किती? फक्त ६. मार्चमध्ये ४ दाखवले आणि वाहिनीने ती थांबवली. उरलेले २ जुलैमध्ये दाखवून विषय संपवला. कारण काय, तर ही मालिका लक्ष देऊन बघावी लागते, असं वाहिनीच्या प्रमुखाने सांगितलं! लोकांनी ते वाक्य विनोद म्हणून लक्षात ठेवलं. मला मात्र त्यात एक सरळ, व्यवहारी सत्य दिसतं. अमेरिकेत तेव्हा टीव्ही घराघरांत होता आणि तो चालू ठेवून माणसं भांडी घासत, जेवत, फोनवर बोलत. ज्या मालिकेत विनोद झाला तिथे हसण्याचा आवाज टाकलेला असे, म्हणजे पाठमोऱ्या माणसालाही कळावं की आता हसायचं आहे. ‘पोलीस स्क्वॉड!’मध्ये तो आवाज नव्हता. विनोद पडद्याच्या कोपऱ्यात, मागच्या पाटीवर, एखाद्या शब्दाच्या दुहेरी अर्थात. मान वळवली की हुकला.

नील्सनला त्या कामासाठी एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं. पुढे व्हिडिओ कॅसेटवर लोकांनी ते ६ भाग पुन्हा पुन्हा पाहिले. १९८८ साली त्याच पात्रावर ‘द नेकेड गन’ हा सिनेमा निघाला आणि तुफान चालला. १९९१ आणि १९९४ साली त्याचे पुढचे भाग आले. २०२५ साली लियाम नीसनला घेऊन नवा सिनेमाही आला. ६ भागांत गुंडाळलेल्या मालिकेचं हे ४० वर्षांहून मोठं आयुष्य!

आता आपल्या सतरंजीकडे या. १९८५ साली आपल्याकडे दूरदर्शन ही एकच वाहिनी. रंगीत प्रक्षेपण सुरू होऊन तीनच वर्षं झालेली. रिमोट नाही. मालिका आठवड्यातून एकदा यायची, हुकली तर हुकली. त्यामुळे अंगणात बसलेली ३०-४० माणसं एका पडद्याकडे अशी बघत, जशी कव्वालीच्या मैफलीत बघतात. अमेरिकेतल्या वाहिनीला जे लक्ष मिळालं नाही, ते आपल्याकडे आयतं हजर होतं. शिवाय सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिलेली. सकाळी शाळेत, दुकानात, एसटीच्या रांगेत कुणीही गाजराचं नाव काढलं की समोरचा हसणार हे नक्की. विनोदाला अशी सामायिक ओळख लागते. ज्याला खुलासा करून सांगावा लागतो तो विनोद नव्हे, ते गणित.

हीच मालिका २००७ साली सोनी वाहिनीवर परत आली. पंकज कपूर तेच होते, किटी म्हणून सुचेता खन्ना आल्या. पण या वेळी ती तशी रुजली नाही. नटाची धार कमी झाली नव्हती. बदललं होतं ते आपलं अंगण. घरोघरी केबल, शंभर वाहिन्या, हातात रिमोट. जाहिरात लागली की बोट चालतं. आणि ज्याची थट्टा करायची तो कडक गुप्तहेरही तोवर लोकांच्या नजरेआड झाला होता. भाड्याने पुस्तकं देणारी वाचनालयं बंद पडत होती. मूळ कविता कुणाला पाठ नसेल तर विडंबन कुणाला कळणार?

अशा मालिका अल्पायुषी का ठरतात, याची कारणं आता ओळीने मांडता येतील. एक, त्यांना पूर्ण लक्ष लागतं. दोन, मूळ प्रकार प्रेक्षकाला माहीत असावा लागतो. तीन, लकबी मोजक्याच असतात. कोट, सिगारेट, खबऱ्या, उलगडा यांची थट्टा झाली की पुढे काय? मग लेखक त्याच त्या खोड्या करू लागतो. म्हणून ज्यांना कुठे थांबायचं ते कळलं, ते लक्षात राहिले. जसपाल भट्टींच्या १९८९ सालच्या ‘फ्लॉप शो’चे भाग १० होते. लोक आजही त्याची आठवण काढतात.

याच्या उलट टोकाला ‘सीआयडी’. १९९८ ते २०१८ अशी २० वर्षं, दीड हजाराहून अधिक भाग, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुनरागमन. शिवाजी साटम या आपल्या मराठी नटाचा एसीपी प्रद्युम्न देशभर पोचला. त्याआधी मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग आणि साटम यांनी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली होती, ती अनेकांना आठवत असेल. ‘सीआयडी’ ही गंभीर मालिका. पण २० वर्षांत हाताची बोटं फिरवण्याची लकब आणि दयाने दार तोडणं इतकं ओळखीचं झालं, की तिचं विडंबन करायला लेखक लागला नाही. लग्नाच्या वरातीत पोरंच करू लागली. इतकी वर्षं एकच लकब चालली की ती आपोआप विनोदी होते.

या थट्टेची एक दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘शट अप, किटी’ हे करमचंदचं वाक्य त्या काळी फार गाजलं. किटी म्हणायची, ‘सर, यू आर अ जीनियस’, आणि लगेच तिला गप्प केलं जायचं. मूळ अमेरिकन कथेतली सेक्रेटरी बरीच शहाणी असते. हॅमेटच्या कादंबरीतली एफी नायकाचं अर्धं काम उरकते. इथे तिला बावळट करून हशा मिळवला. आणि मग वर्गात एखादी मुलगी उत्तर द्यायला उभी राहिली की मागच्या बाकावरून हळूच आवाज यायचा, ‘शट अप, किटी’. त्यात गंमत कुणाला होती आणि कुणाला नव्हती, हे सांगायला नको. विडंबनाचा नेम वर असावा. गुप्तहेराच्या तोऱ्यावर असेल तर ते धारदार होतं. त्याच्या हाताखालच्या माणसावर वळलं की ते नुसतं हिणवणं उरतं. गाजर ही चांगली थट्टा होती. ‘शट अप’ तितकी चांगली नव्हती.

मग या सगळ्यातून घ्यायचं काय? निव्वळ करमणूक म्हणून सोडून देता येईल. पण मला यात थोडं अधिक दिसतं. कडक गुप्तहेर आपल्याला एक गोड स्वप्न विकतो. एक माणूस असा आहे, जो बघताच ओळखतो. त्याचा संशय कधी चुकत नाही. प्रत्यक्षात असं नसतं. प्रत्यक्षात पंचनामा असतो, साक्षी फिरतात, प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो, निकाल तारखांवर तारखा खातो. हे कंटाळवाणं आहे, पण न्याय याच रस्त्याने येतो. ‘मी बघताच ओळखलं’ म्हणणारा माणूस गोष्टीत शोभतो. गल्लीत उतरला तर धोका होतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे काय झालं ते आपण विसरलेलो नाही. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं बाजारात दिसली. जमावाला वाटलं, आपण ओळखलं. पाच जणांचा जीव गेला. ते मंगळवेढा भागातले गरीब लोक होते. तिथे प्रत्येक जण गुप्तहेर झाला होता, आणि प्रत्येकाची खात्री पक्की होती. ओळखपत्र बघायची, चार प्रश्न विचारायची, पोलिसांची वाट बघायची गरज कुणाला वाटली नाही.

एखादी विनोदी मालिका पाहिली असती तर हे टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. विनोदाच्या अंगी एवढी ताकद असती तर जग केव्हाच सुधारलं असतं. पण एक सवय मात्र अशी मालिका लावते. खात्रीने बोलणाऱ्या माणसाच्या हातात नेमकं काय आहे, सिगारेट की गाजर, हे निरखून बघण्याची सवय. पडद्याच्या कोपऱ्यातली पाटी वाचण्याची सवय. निवेदक एक म्हणतो आणि समोर दुसरंच लिहिलंय, हे ज्याच्या लक्षात येतं, तो मोबाइलवर आलेला मजकूर पुढे पाठवताना अंगठा क्षणभर थांबवील, एवढी आशा करायला हरकत नाही.

आणि हे लक्ष देणं एकट्याने जमतं, तसं दहा जणांत अधिक जमतं. आपण हुकलेला विनोद शेजारच्याला दिसतो, त्याचा हुकलेला आपल्याला. ‘करमचंद’चे जुने भाग आज इंटरनेटवर शोधले तर सापडतात. एखाद्या रविवारी घरातल्या मुलांना जवळ घेऊन एक भाग लावा. मुलं विचारतील, हा गाजर का खातो? उत्तर देण्याआधी त्यांना सांगा की पूर्वी गुप्तहेर कसे असत, झुंजार कोण होता, धनंजय आणि छोटू कोण होते, इमरान कशासाठी वेड्याचं सोंग घ्यायचा. मूळ गोष्ट कळली की ती आपोआप हसतील. मोबाइल तेवढे त्या अर्ध्या तासापुरते दुसऱ्या खोलीत ठेवा.